ज्वारीला वाली कोण?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘अनुदान’ हा शब्द आपल्या महाविद्यालयात रोज कानावर पडतो. अमुक वर्ग अनुदानित, तमुक विनाअनुदानित. त्यावरून फी ठरते, आणि फीवरून आमच्यासारख्या कित्येकींचे शिक्षण पुढे जायचे की थांबायचे तेही ठरते. त्यामुळे या शब्दाचा अर्थ आम्हांला कुणी शिकवावा लागत नाही. परंतु आपण सकाळ-संध्याकाळ जी भाकरी खातो, तिच्यामागेही सरकारी पैशाची एक लांबलचक गोष्ट आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. ती गोष्ट सांगावी, आणि शेतीच्या संशोधनाला अनुदान मिळते म्हणजे नेमके काय होते ते जमेल तितके उलगडून दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे घर मंगळवेढे तालुक्यात आहे. या तालुक्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आमची जमीन जिरायत. विहीर आहे, पण ती पाण्यापेक्षा पारव्यांच्या उपयोगाची अधिक! घरात महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिलीच, त्यामुळे सुट्टीत घरी गेले की “काय शिकवत्यात गं तिथं?” हा प्रश्न ठरलेला. यंदा सार्वजनिक आयव्यय हा विषय अभ्यासाला आहे. मी अण्णांना सांगितले, की सरकार पैसा कुठून आणते आणि कुठे घालते ते शिकवतात. ते म्हणाले, “सरकार बी देतं ते ठावं हाय. पर ते बी तयार करायला कुणाला पैसं देतं?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. ग्रंथालयात बसून मी ते शोधत गेले.

क्रमिक पुस्तकात ‘सार्वजनिक वस्तू’ समजावून देताना दीपगृहाचे उदाहरण दिलेले असते. दीपगृहाचा उजेड सर्व जहाजांना मिळतो, कुणाला अडवता येत नाही आणि कुणाकडून पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून खाजगी माणूस दीपगृह बांधत नाही, ते सरकारला बांधावे लागते. उदाहरण चांगले आहे, पण आम्हां सोलापूरकरांनी समुद्रच पाहिलेला नसतो. मला वाटते, मालदांडी ज्वारीचे बी हे त्याहून चांगले उदाहरण आहे. एकदा एका शेतकऱ्याच्या हाती चांगले बी आले, की तो त्यातलीच जोमदार कणसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो, पाहुण्याला ओंजळभर देतो, भाऊबंदांना पायलीभर देतो. कुणाला अडवणार? आणि ज्याने ते बी निवडून काढण्यात आयुष्याची दहा-बारा वर्षे घातली, त्याने पैसे कुणाकडे मागायचे?

याच्या उलट कापसाचे पाहा. इंग्रज सरकारला आणि गिरणीवाल्यांना चांगल्या धाग्याचा कापूस हवा होता. १९२१ साली सरकारने इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नेमली आणि १९२३ मध्ये कायदा करून कापसाच्या गाठीवर उपकर बसवला. पहिली तीन वर्षे गाठीमागे चार आणे, पुढे दोन आणे. गाठ देशातल्या गिरणीत जावो की बंदरावरून परदेशी जावो, कर भरावाच लागे. या पैशातून १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा उभी राहिली. धाग्याची लांबी, ताकद, सूत किती बारीक निघते हे सारे तिथे तपासले जाऊ लागले. इंदूरलाही त्याच सुमारास एक संस्था निघाली. दोन आणे ही काही मोठी रक्कम नव्हे, पण गाठी लाखांनी होत्या, आणि मुख्य म्हणजे गाठ मोजता येते. जिनिंगमध्ये, प्रेसमध्ये, बंदरात, कुठेही एक कारकून वही घेऊन बसवला की काम झाले.

ज्वारीची गाठ बांधत नाहीत. ती खळ्यावरून पेवात जाते, पेवातून जात्यावर किंवा गिरणीत, तिथून परातीत. गावाची वेस ओलांडली तरी फार तर तालुक्याच्या बाजारापर्यंत. या सगळ्या वाटेवर कारकून बसवायचा कुठे? आणि बसवला तरी ज्याच्याकडून वसूल करायचे तो सर्वांत गरीब माणूस. तेव्हा ज्या पिकामागे व्यापारी आहे त्याच्या संशोधनासाठी पैसा त्या पिकातूनच उभा राहतो, आणि जे पीक घरातच खाल्ले जाते त्याच्या संशोधनासाठी सरकारी तिजोरीशिवाय दुसरी जागा नसते. संशोधनाच्या अनुदानाचे सारे मर्म मला या एका फरकात दिसते.

हा फरक त्या काळच्या सरकारच्याही ध्यानात आला असावा. १९२६ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक रॉयल कमिशन नेमले गेले आणि १९२८ मध्ये त्याचा अहवाल आला. शेती हा तोवर प्रांतांचा विषय झाला होता. प्रत्येक प्रांत आपापल्या कुवतीप्रमाणे प्रयोग करी. कमिशनने सुचवले, की संपूर्ण देशासाठी एक संशोधन परिषद असावी आणि तिच्या हाती पन्नास लाख रुपयांचा निधी द्यावा. या निधीला कमिशनने एक विशेषण लावले होते आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. हा निधी ‘व्यपगत न होणारा’ असावा, म्हणजे वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर ती सरकारजमा होऊ नये, तशीच पुढच्या वर्षी वापरता यावी. पाऊस अंदाजपत्रकाप्रमाणे पडत नाही, हे त्या साहेबांनाही कळले होते म्हणायचे!

प्रत्यक्षात सरकारने पन्नास लाख दिले नाहीत. पंचवीस लाखांचे एकरकमी अनुदान मंजूर झाले, त्यातले पंधरा लाख १९२९-३० साली द्यायचे ठरले. शिवाय दरवर्षी सव्वासात लाख, त्यातले पाच लाख संशोधनाला आणि सव्वादोन लाख कचेरीच्या खर्चाला. १६ जुलै १९२९ रोजी इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था नोंदली गेली. हीच पुढे ‘इंपीरियल’च्या जागी ‘इंडियन’ लावून आजची भारतीय कृषी संशोधन परिषद झाली. १९४० साली कायदा करून या परिषदेसाठी निर्यात होणाऱ्या काही शेतमालावर शेकडा अर्धा टक्का उपकर बसवण्यात आला. या उपकराच्या निधीतून विद्यापीठांना आणि संस्थांना छोट्या छोट्या योजना मिळत. त्या बहुधा तीन वर्षांच्या असत. २००६ साली तो उपकर रद्द झाला आणि परिषद पूर्णपणे अंदाजपत्रकावर अवलंबून राहिली.

आता आमच्या सोलापूरकडे येऊ. आमच्या भागात पाऊस बेभरवशाचा, आणि जो पडतो तो बराचसा सप्टेंबरात. काळी जमीन तो पिऊन घेते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर एक थेंब न पडताही पीक हाती येऊ शकते, पण त्यासाठी जमिनीतली ओल शेवटपर्यंत टिकली पाहिजे. ही ओल टिकवायची कशी, या प्रश्नावर पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर १९२३ साली तम्हाणे यांच्या पिढीतल्या सरकारी शेतीखात्याच्या माणसांनी प्रांताच्या तुटपुंज्या पैशात प्रयोग सुरू केले. तम्हाणे आणि ना. वि. कानिटकर ही या कामातली मोठी नावे. परंतु मांजरी म्हणजे सोलापूर नव्हे. दुष्काळी मुलखातच केंद्र हवे होते, आणि त्यासाठी पैसा नव्हता. तो दिला नव्या परिषदेने. १९३३ पासून दोन-तीन वर्षांत सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच कोरडवाहू संशोधन केंद्रे परिषदेच्या अनुदानावर निघाली.

या केंद्रांतून जी पद्धत पुढे आली तिला ‘मुंबई पद्धतीची कोरडवाहू शेती’ म्हणत. शेताला बांध घालावेत, काही वर्षांतून एकदाच खोल नांगरट करावी, पावसापूर्वी कुळवून जमीन भुसभुशीत ठेवावी म्हणजे पाणी वाहून न जाता मुरेल. शेणखत घालावे, बी कमी वापरावे, दोन ओळींत दीड फुटाचे अंतर ठेवावे, आणि पीक उभे असताना कोळप्याने भेगा बुजवत राहावे. वाचताना मला गंमत वाटली, कारण यातले बहुतेक सगळे अण्णा करतातच! त्यांना हे कुणी शिकवले असे विचारले तर ते “आमच्या वडलांनी” म्हणतात. वडिलांना कुणी शिकवले असेल? शेतकऱ्याचे शहाणपण सरकारी शेतावर गेले, की सरकारी शेतावरचे शेतकऱ्याकडे आले, हे आता कुणालाच नेमके सांगता यायचे नाही. बहुधा दोन्ही झाले असेल.

तथापि खोटी बढाई नको. या साऱ्या खटपटीने उत्पन्न शेकडा पंधरा-वीस टक्क्यांनीच वाढले, आणि मुळातले उत्पन्नच हेक्टरी दोन-चारशे किलोचे; त्याचे पंधरा टक्के म्हणजे किती? नुसती ओल राखून भागत नाही, त्या ओलीचा उपयोग करून घेणारे वाणही हवे, हे या दहा वर्षांतून कळले. संशोधनात ‘एवढ्याने भागत नाही’ हे कळणे हाही निष्कर्षच असतो. पण अनुदान देणाऱ्याला तो पटवून देणे किती कठीण!

वाणाचे काम त्याच काळात जिल्ह्यातच मोहोळच्या सरकारी शेतावर चालले होते. मालदांडी ही आमच्या भागातली जुनी गावठी ज्वारी. तिच्या अनेक ताटांतून निवड करत करत १९३० च्या दशकात जो वाण पुढे आला, तो एम ३५-१. क्रमांक पोलिसाच्या बिल्ल्यासारखा आहे, पण आजही ‘मालदांडी’ म्हणून बाजारात जी मोत्यासारखी गोल, पांढरी, चकचकीत ज्वारी मिळते ती बहुतांशी हीच. नव्वद वर्षे एकच वाण शेतात आणि ताटात टिकून राहणे ही शेतीच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे. त्या कामावर जो खर्च झाला असेल तो सरकारी खात्याच्या पगारपत्रकात कुठेतरी विरून गेला आहे. त्याचा मोबदला किती आला हे मोजायचे तर गेल्या नव्वद वर्षांतल्या भाकरी मोजाव्या लागतील.

स्वातंत्र्यानंतर परिषदेचे काम पुष्कळ वाढले. १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि तो पुढे नमुना ठरला. एकच प्रयोग देशातल्या अनेक ठिकाणी एकाच वेळी, एकाच पद्धतीने करायचा आणि निष्कर्ष एकत्र पाहायचे, ही त्यामागची कल्पना. कोरडवाहू शेतीचा असा प्रकल्प १९७० मध्ये निघाला, आणि त्यात सोलापूरचे जुने केंद्र पुन्हा आले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळातली. मोहोळ आणि सोलापूरची केंद्रे आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत. अशा समन्वित प्रकल्पांत विद्यापीठातील केंद्राच्या खर्चाचा पंचाहत्तर टक्के वाटा परिषदेचा आणि पंचवीस टक्के राज्याचा, अशी रूढ विभागणी आहे. विभागणी सरळ दिसते, पण दोन बैलांची जोडी असली की एक अडला तरी गाडी थांबते.

अनुदान प्रत्यक्षात मिळते कसे, हे थोडक्यात सांगते. शास्त्रज्ञाने प्रस्ताव लिहायचा: प्रश्न काय, प्रयोग कोणता, माणसे किती, उपकरणे कोणती, वर्षे किती. तज्ज्ञांची समिती तो तपासते, कापते, कधी परत पाठवते. मंजूर झाला की पहिला हप्ता येतो. मग माणसे नेमायची, साहित्य घ्यायचे. त्यालाही निविदा आणि दरपत्रके. वर्ष संपले की हिशेब तपासून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. म्हणजे ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामावर तो खर्च झाला, असे लेखी कबूल करायचे. ते पोचले की पुढचा हप्ता. न खर्चलेली रक्कम परत. जनतेचा पैसा आहे, त्याचा हिशेब हवाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती दिनदर्शिकेबद्दल. सरकारी वर्ष एक एप्रिलला सुरू होते आणि एकतीस मार्चला संपते. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. म्हणजे कणसे खळ्यावर पडलेली असतात, मळणी व्हायची असते, दाण्याचे आणि कडब्याचे वजन घ्यायचे असते, नेमक्या त्या दिवसांत कचेरीत वर्षअखेर असते! आणि पहिला हप्ता ऑक्टोबरच्या पुढे सरकला, तर त्या वर्षीची पेरणी हुकली. कचेरीच्या लेखी दोन महिन्यांचा उशीर झाला, पिकाच्या लेखी एक वर्ष गेले.

त्याहून मोठी अडचण मुदतीची. नवा वाण तयार करायचा तर दोन वाणांचा संकर करावा लागतो, आणि पुढे सहा-सात पिढ्या निवड करत जावे लागते, तेव्हा कुठे तो स्थिर होतो. रब्बी पिकाची आमच्याकडे वर्षाला एकच पिढी. दुसरीकडे नेऊन एखादी जास्तीची पिढी घेतली तरी वर्षे काही फार वाचत नाहीत. मग वेगवेगळ्या ठिकाणी निदान तीन वर्षे चाचण्या. मग समितीची मान्यता, मग पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे, प्रमाणित बियाणे अशा पायऱ्या. दहा-बारा वर्षे सहज जातात. आणि योजना असते तीन वर्षांची, फार तर पाच वर्षांची! ज्या योजनेत संकर केला ती संपते, दुसरी मिळेपर्यंत कंत्राटी संशोधक साहाय्यक दुसरी नोकरी पाहतो, आणि वह्यांतल्या नोंदी कुणाला लागत नाहीत. कायम पदांवरची माणसे असतील तर हा धागा तुटत नाही. परंतु कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांच्या बातम्या आपण सगळेच वर्तमानपत्रात वाचतो.

याचा एक लहानसा अनुभव आमच्या घरचाच आहे. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून आमच्या वस्तीवरच्या चार शेतकऱ्यांना नव्या वाणाची चार-चार किलोची पिशवी मिळाली. एकराला तेवढेच बी लागते. मालदांडीच्या शेजारीच ते पेरायचे होते. माणसे आली, अंतर मोजले, कणसे मोजली, वहीत लिहून घेतले. त्या वर्षी पाऊस बरा होता, दोन्ही वाण सारखेच उतरले. पुढच्या वर्षी अण्णांनी घरचेच बी राखून पुन्हा शेजारी-शेजारी पेरले. त्या वर्षी हस्त कोरडा गेला. मालदांडीचे दाणे बारीक राहिले आणि नवा वाण लवकर निसवल्यामुळे त्यातल्या त्यात भरला. पाहण्यासारखे वर्ष ते होते. पण योजनेची मुदत संपली होती आणि पाहायला कुणी आले नाही. अण्णांनी निरोप पाठवला. “आता ते काम बंद झालं,” असे उत्तर आले. त्या उत्तर देणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे प्रवासभत्त्याचे पैसे नसतील. पण एका दुष्काळी वर्षाची नोंद आमच्या बांधावरच राहून गेली, आणि तशी किती बांधांवर राहिली असेल!

कुणी म्हणेल, सरकारला जमत नसेल तर हे काम कंपन्यांनी करावे. कापसात तसे झाले आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर कापसाच्या बियाण्याचा बाजार जवळजवळ खाजगी कंपन्यांच्या हाती गेला. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून कंपनीला त्यात पैसा घालणे परवडते. खरिपाच्या ज्वारीतही १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि ‘हायब्रीड’ घरोघर पोचली. आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. तिच्यापुढे हायब्रीडही गोड लागली. पण दुष्काळ सरल्यावर घरात भाकरीला पुन्हा मालदांडीच आली. रब्बी ज्वारीत संकरित वाण अजूनही फारसे रुजलेले नाहीत. शेतकरी घरचे बी ठेवतो, तेव्हा विकायचे काय? ज्या बियाण्यातून शेतकऱ्याचा फायदा अधिक, त्यातून कंपनीचा कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

उसाची गोष्ट वेगळी. उसामागे कारखाने आहेत. सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन १९७५ साली स्वतःची संशोधन संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ती आहे मांजरीला. द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही मांजरीलाच आहे, आणि द्राक्षबागायतदारांचा संघ किती जागरूक आहे हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या मांजरीत १९२३ साली कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, तिथे आज ऊस आणि द्राक्षे यांचा अभ्यास चालतो, हे वाचून मला हसावे की काय ते कळेना. ऊस-द्राक्षांवर माझा राग नाही. पण ज्वारी पिकवणाऱ्यांचा असा संघ माझ्या ऐकण्यात नाही.

थोडे आकडे पाहू. केंद्र सरकारचा कृषी संशोधन व शिक्षण विभाग १९७३ साली स्थापन झाला. परिषदेचा पैसा त्याच्यामार्फत येतो. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात या विभागाला सुमारे ९,९४१ कोटी रुपये होते. रक्कम ऐकून डोळे फिरतात. परंतु त्यातून शंभराहून अधिक संस्था, समन्वित प्रकल्प आणि कृषी शिक्षण हे सारे चालवायचे, आणि त्यातला फार मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. त्याच अंदाजपत्रकात खतांच्या अनुदानासाठी १,६४,००० कोटी रुपये होते, म्हणजे सोळापटीहून अधिक. दोन्हींना आपण ‘अनुदान’च म्हणतो, पण दोहोंत फरक आहे. खताचे अनुदान त्याच हंगामात संपते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा द्यावे लागते. ते बंद करा असे मी म्हणत नाही. खत महागले तर पहिला फटका आमच्यासारख्यांनाच बसेल. पण एम ३५-१ वरचा खर्च एकदाच झाला आणि पीक अजून येते आहे.

२०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत असे दिले आहे, की शेती-संशोधनात घातलेल्या एका रुपयामागे १३ रुपये ८५ पैसे परत येतात. एवढे व्याज सावकारसुद्धा लावत नाही! मात्र ही सरासरी आहे आणि परतावा यायला वर्षे लागतात; निवडणूक पाच वर्षांनी येते आणि वाण बारा वर्षांनी. कदाचित म्हणूनच इतक्या लाभाच्या धंद्यात पैसा घालायला सरकारचा हात आखडतो.

एक गोष्ट मात्र मला आकड्यांत सापडली नाही, ती स्वयंपाकघरात सापडते. नव्या वाणाचे दाण्याचे उत्पन्न अधिक आले म्हणजे काम झाले असे नाही. त्याच्या पिठाला विरी हवी, नाहीतर भाकरी थापताना कडेने चिरते. ती संध्याकाळपर्यंत मऊ राहायला हवी, कारण रानात जाणाऱ्याने सकाळी बांधलेली दुपारी खायची असते. कडबा गोड हवा, नाहीतर जनावर तोंड लावत नाही. दुष्काळात तर कडब्याचा भाव पाहूनच ज्वारी पेरतात. हे सारे तपासायचे म्हणजे पुन्हा माणसे, वेळ आणि पैसा. शेतीशास्त्र आणि अन्नशास्त्र ही दोन खाती कागदावर वेगळी असली, तरी भाकरीपाशी ती एकत्र येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारीची बिस्किटे, पोहे, शेवया यांची पुष्कळ चर्चा झाली. चांगले झाले. पण शहरातल्या बिस्किटाला लागणारी ज्वारी कुणाच्या तरी कोरड्या रानात आधी उगवावी लागते.

तेव्हा रॉयल कमिशनची ती जुनी सूचना, व्यपगत न होणाऱ्या निधीची, निदान कोरडवाहू पिकांपुरती पुन्हा विचारात घ्यावी असे मला वाटते. योजना मार्चअखेर नव्हे तर मळणीअखेर संपाव्यात, आणि वाणनिर्मितीची मुदत बारा वर्षे धरून मध्ये तीन-तीन वर्षांनी तपासणी व्हावी. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आणि एक दुष्काळ त्यात धरावा, त्याबिगर परीक्षाच न्हाई.” ही दुरुस्ती मी आनंदाने स्वीकारली आहे.

काम थांबलेले आहे असे मात्र कुणी समजू नये. आपल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समितीची बैठक दरवर्षी होते. तिला ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. वर्षभरातले नवे वाण आणि शिफारशी तिथे मांडल्या जातात, त्यांवर वाद होतो, काही मान्य होतात, काही परत जातात. राहुरीच्या विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण आता जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळे काढले आहेत: भारी जमिनीसाठी फुले वसुधा, फुले यशोदा आणि फुले रेवती, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, आणि हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा. मध्यम जमिनीच्या यादीत मालदांडीचे नावही अजून आहेच. आमच्या वस्तीवर बहुतेकांची जमीन हलकी, हातभर खणले की मुरूम लागतो. तशा मुरमाड रानासाठी वेगळा वाण असतो, हे अण्णांनी यादी ऐकल्यावर दोनदा विचारून घेतले, आणि बी कुठे मिळते ते मला लिहून आणायला सांगितले आहे.